तारेपाशी अडकलेला निरोप

मी बोलतोय खरा, पण तुमच्यापर्यंत पोहोचेन की नाही, देव जाणे. मी एक निरोप आहे. एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला धाडलेला, आणि तेही खोटेखोटे कॉम्प्युटर! एका संशोधक बाईंनी प्रोग्रामच्या आत पुष्कळ कॉम्प्युटर मांडले, सगळ्यांत मिळून एकच तार दिली, आणि गर्दीत ती तार किती निरोप नेते ते त्या बघत होत्या. त्यावर त्यांची पीएचडी अडली होती.

तारेचा नियम साधा. आधी कान द्यायचा, कोणी बोलत नसेल तर बोलायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांनी गप्प बसायचं, चिठ्ठी उचलायची, आणि चिठ्ठीत जेवढा आकडा तेवढं थांबून पुन्हा यायचं.

पहिल्याच खेपेला माझी शेजारच्या निरोपाशी टक्कर झाली. थांबलो, परत आलो, तर हा पुन्हा समोर हजर! परत थांबलो, परत हाच. दारात ‘तुम्ही आधी, तुम्ही आधी’ करत दोघं ताटकळावेत, तसं आमचं झालं. बरं, थांबण्यातही विसावा नाही. प्रोग्राम लवकर संपावा म्हणून बाईंनी रिकामा वेळ गाळून टाकला होता. काही घडत नसलं की घड्याळ थेट पुढच्या घटनेवर उडी मारायचं, त्यामुळे माझ्या वाट्याला नुसत्या टकरा. फार कोंडल्यासारखं व्हायचं हो. मागची रांग तर माझ्या नावाने बोटं मोडायची.

तारेवरून निरोप जातच नव्हते, म्हणून बाहेर बाईंचेही हाल चालले होते. त्यांचे पीएचडीचे सर म्हणाले, हा नियमच टाकाऊ आहे असं लिहा आणि मोकळ्या व्हा. बाई लिहायलाही बसल्या. मी जीव तोडून ओरडत होतो, पण माझा आवाज तारेवरच जात नव्हता, तिथे त्यांना काय ऐकू जाणार!

तेवढ्यात त्यांच्या आईचा फोन आला. आवाज उशिरा पोहोचत होता. दोघी एकदम बोलल्या, एकदम थांबल्या, पुन्हा एकदम बोलल्या. मग आईला काही दम धरवेना, ती आधी सुरू झाली.

बाई मधेच म्हणाल्या, “आई, आपल्यात शेवटी कोणीतरी आधी बोलतंच. मग या दोघांत का नाही?”

“कोणाचं भांडण झालंय गं?” आईने विचारलं.

फोन कानाशी तसाच धरून बाईंनी आमच्या चिठ्ठ्या तपासल्या. वेळ वाचावा म्हणून त्यांनी आकडे एकदाच काढून ठेवले होते आणि सगळ्यांना तेच, पहिल्यापासून वाचायला लावले होते. मी जेवढा थांबायचो, तेवढाच शेजारीही थांबायचा.

“भांडण नाही. माझंच चुकलं,” त्या म्हणाल्या.

लिहिलेलं पान त्यांनी पुसलं आणि पुढच्या डावासाठी प्रत्येकाला वेगळे आकडे दिले. आता सगळं पहिल्यापासून चालवायचं, म्हणजे हा डाव मोडायचा आणि आतले आम्ही सगळे पुसले जाणार. त्यांचं बोट बटणावर आहे. बाई, माझा राग नाही. माझ्या जागी जो येईल तो पोहोचेल, एवढं पुष्कळ झालं. फक्त बटण दाबण्याआधी आमच्यातल्या एकाला तरी जाऊ द्या.

शेजाऱ्याला मी नाही नाही ते बोललो होतो. त्या बिचाऱ्याचा काय दोष? म्हणून आत्ताच मी त्याला म्हणालो, “तू हो पुढे.”

नेमकं तेच, त्याच क्षणी, तोही मला म्हणाला.