तीन कुलपांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी तक्रारपेटी आहे. नगरपालिकेच्या दारातून आत शिरलात, की डाव्या हाताला पाण्याच्या पिंपाशेजारी मी टांगलेली दिसेन. वय विचारू नका. अंगावर रंगाचे चार थर आहेत, त्यावरून काय तो अंदाज बांधा. सुताराने मला मोडक्या बाकाच्या फळ्यांतून बनवलं. तोंड जरा अरुंदच ठेवलं. "लोकांनी थोडक्यात लिहावं," असं तो म्हणाला. खरं तर त्याची करवत बोथट झाली होती.

पहिली दोन वर्षं मला कोणी उघडलंच नाही. तेव्हा गावात निवडणूक होत नसे. वरून एक प्रशासक नेमून येई आणि त्याचा शब्द शेवटचा असे. पहिले प्रशासक माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवत, एवढाच आमचा संबंध. मग दुसरे साहेब आले आणि माझं नशीब फळफळलं.

ते बरोबर आठ वाजता येत. शिपाईमामा किल्ली लावत, साहेब उभ्या उभ्या सगळ्या चिठ्ठ्या वाचत आणि प्रत्येकीवर निळ्या पेन्सिलीने काम करणाऱ्याचं नाव आणि तारीख घालत. ज्याचं नाव पडे, त्याची त्या आठवड्यात धडगत नसे. सात दिवसांत उत्तर फळ्यावर लागे. काम होणार नसेल, तर 'होणार नाही' असं, आणि का नाही तेही. गल्ल्यांत दिवे लागले, कचऱ्याची गाडी वेळेवर येऊ लागली, कारकून मंडळी जेवणाची सुट्टी चक्क अर्ध्या तासात आवरू लागली. मी तर अगदी तोऱ्यात असे. त्या दिवसांची आठवण आली, की अजून ऊर भरून येतो.

एकाच चिठ्ठीचं उत्तर साहेबांनी लावलं नाही. 'निवडणूक कधी?' एवढंच तिच्यात होतं. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली.

पुढे निवडणूक झाली. गाव आनंदाने वेडं झालं, मीही झाले. निवडून आलेल्यांत शिवणकाम करणारी एक बाई होती. सगळे तिला शिवणताई म्हणत. नव्या सभेने पहिलाच ठराव माझ्याबद्दल केला. मला रंग दिला, अंगावर 'जनतेचा आवाज' असं लिहिलं. मग किल्ली कोणाकडे, यावरून जुंपली. सभेत तीन गट होते आणि त्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. शेवटी न्याय म्हणून मला तीन कुलपं लावली आणि प्रत्येक गटाला एकेक किल्ली दिली. तिघे एकत्र हजर असतील तेव्हाच मला उघडायचं. मित्रांनो, ते तिघे माझ्यासमोर एकत्र कधी आलेच नाहीत. साडेतीन महिने लोक टाकत राहिले आणि मी गिळत राहिले.

त्याच काळात शिवणताईच्या गल्लीत नळाला गटाराचं पाणी येऊ लागलं. तिच्या जाऊबाईंचं धाकटं मूल जुलाबांनी दोनदा दवाखान्यात जाऊन आलं. सभेत ताई तावातावाने बोले. एक गट म्हणे नवी पाइपलाइन टाका, दुसरा म्हणे टाकीच बदला, तिसरा उठून निघून जाई. अखेर गावात एक कागद फिरला: सभा बरखास्त करा, प्रशासक परत आणा. जाऊबाईंनीही सही केली. हे ताईनेच शिपाईमामांना सांगितलं.

आज सकाळी तो कागद घेऊन जाऊबाई आणि बाकीचे लोक आले, तेव्हाच जुने साहेब दाखल्यासाठी रांगेत उभे होते. निवृत्त झाले होते, पाठीत वाकले होते. ताई त्यांच्याजवळ गेली.

"साहेब, तुम्ही एकटे होतात, म्हणून कामं भराभर व्हायची का हो?"

साहेबांनी माझी तीन कुलपं पाहिली. "एकटा होतो म्हणून घाबरायचो. मला कुणी निवडलं नव्हतं. लोकांच्या मनात काय आहे, ते कळायला या पेटीशिवाय माझ्याकडे होतं काय? तुम्हाला मतं मिळाली आणि तुम्हाला वाटलं, लोकांचं ऐकून झालं."

"मग तुम्हीच परत या ना," कागदवाल्यांतला एक जण म्हणाला.

"येईन की. पण उद्या मी आठला यायचं सोडलं, तर मला काढाल कसं? माझ्या आधीच्यांना काढता आलं होतं का?"

ताईने शिपाईमामांकडे स्क्रूड्रायव्हर मागितला. "ताई, ठराव आहे," मामा चाचरले.

"ठराव कुलपांचा आहे, मामा. बिजागऱ्यांचा नाही."

दार निखळलं आणि चिठ्ठ्यांचा ढीग फरशीवर पडला. ताई खाली बसून रांगेसमोर एकेक मोठ्याने वाचू लागली. सगळ्यात तळाची चिठ्ठी नळ दुरुस्त करणाऱ्याची होती. 'शिवणताईंच्या गल्लीत कोपऱ्यावर पाइप गटारातून गेला आहे. तडा दिसतो. घाण पाणी शिरण्याआधी बदला. अर्ध्या दिवसाचं काम.' तारीख साडेतीन महिन्यांपूर्वीची. ताईने ती जाऊबाईंच्या हातात दिली.

आज दुपारीच तो पाइप बदलून झाला. माझी कुलपंही गेली. रोज आठ वाजता, रांगेत जो असेल त्याच्यादेखत मला उघडायचं ठरलं आहे. जाऊबाईंनी मात्र सह्यांचा कागद फाडला नाही. घडी घालून त्यांनी तो माझ्या तोंडात टाकला आणि ताईला म्हणाल्या, "याचंही उत्तर फळ्यावर लाव गं."

तो आत्ता माझ्या पोटात आहे. मित्रांनो, मला नवा रंग नको, मोठं नाव नको. तुम्ही फक्त वेळेवर या. उद्या आठ वाजता मला कोणी उघडलं नाही, तर त्या कागदावरची प्रत्येक सही खरी ठरेल.