रविवारच्या फोनआधी

मी एक बाटली आहे. बोटाएवढी, निळ्या काचेची. आत चेहऱ्याला लावायचं सीरम. अमेरिकेत, हर्नडनच्या एका घरात, बाथरूमच्या आरशामागच्या कपाटात राहते.

माझं मूळ मात्र समुद्राच्या तळाशी आहे. तिथे शंखात राहणारी एक गोगलगाय असते. ती आपला विषारी दात टोचते आणि मासा जागच्या जागी लुळा पडतो. त्या विषातला एक बारीकसा तुकडा माणसांनी प्रयोगशाळेत हुबेहूब बनवून माझ्यात भरला. नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचू द्यायचा नाही, म्हणजे सुरकुती पडत नाही, असं माझ्या खोक्यावर लिहिलं होतं. त्यात खरं किती, मलाही ठाऊक नाही.

सियाने मला तिच्या आईच्या, दीपाच्या वाढदिवसाला आणलं. "आई, दोनच ड्रॉप्स हं. इट्स नॉट खोबरेल तेल!"

"मलाही दे थोडं," दीपाचा नवरा श्रीरंग दारातून म्हणाला, "टकलाला सुरकुत्या पडल्यात."

तिघं हसले. मग मी पडूनच राहिले.

मार्चमध्ये श्रीरंग ऑफिसच्या पार्किंगमध्ये कोसळला, आणि गेला.

त्याच्या आई नागपुरात, धाकट्या मुलाकडे, केदारकडे. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. केदारचा फोन आला. "वहिनी, आईला इतक्यात सांगायचं नाही. तिचं हार्ट वीक आहे. जरा सावरू दे, मग मीच सांगतो."

दीपा हो म्हणाली.

रविवारी सकाळी आईंचा व्हिडिओ कॉल असतो. त्याआधी दीपा मंगळसूत्र घालते आणि मला बाहेर काढते. दोन थेंबांचे सहा झाले, सहाचे दहा. कपाळ, डोळ्यांच्या कडा, ओठांभोवती. चेहरा हलायला नको, एवढंच तिला हवं असतं.

"श्रीरंग कुठाय?"

"सांता क्लाराला, आई. प्रोजेक्ट आहे."

अकरा रविवार तो सांता क्लारालाच आहे.

गेल्या वेळी आईंनी चष्मा लावून चेहरा स्क्रीनजवळ आणला. "दीपा, त्याचं नाव काढलं की तुझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. मोजे कुठेही टाकतो, ऐकत नाही, सांगून माझं डोकं उठवायचीस. आता तक्रारच नाही?"

"सुधारलाय तो."

"माझा मुलगा? सुधारला?" त्या हसल्या नाहीत. "पुढच्या रविवारी त्याला समोर बसव. तोवर मी गोळ्या घेणार नाही."

काल केदारचा पुन्हा फोन आला. "वहिनी, तिने खरंच गोळ्या बंद केल्यात. नेटवर्क गेलं म्हणून सांगा, काहीही सांगा."

आज रविवार आहे. दीपाने माझं झाकण काढलंय.

बाई, मला परत ठेव. तुझा नवरा गेला, तसा त्यांचा मुलगा गेलाय. तुझ्या तोंडून निघत नसेल, तर तुझ्या चेहऱ्यावरून तरी त्यांना कळू दे.

स्वयंपाकघरात लॅपटॉप वाजू लागलाय. तिचं ओलं बोट कपाळाजवळ पोचलं आहे.