मला उभं राहायचं होतं

दगडाला काय कळतं, असं म्हणू नका बरं, मित्रांनो! मी एका जुन्या रणांगणावर पडून असलेला काळा दगड आहे, आणि माझ्याइतका चौकस दगड तुम्हाला शोधून सापडायचा नाही.

खाणीतून निघालो तो थेट पाथरवटाच्या अंगणात आलो. त्याने मला तासून, घासून इतकं गुळगुळीत केलं, की येणारेजाणारे हात फिरवून बघत. खालचा भाग मात्र ओबडधोबडच ठेवला. "हा तुझा पाय. मातीत जाणार, त्याला कोण बघतंय?" तो म्हणाला. मग त्याने माझ्या छातीवर नावं कोरली आणि खाली एकच तारीख. मी चक्रावलो. ही माणसं कोण? सगळी एकाच दिवशी कशी गेली? पण विचारणार कसं? मला कान आहेत, तोंड नाही.

उत्तर मिळालं ते मावशींकडून. मावशी म्हणजे गल्लीत शिवणकाम करणाऱ्या म्हाताऱ्या बाई. पहिलं नाव त्यांच्या दादाचं होतं, बाकीची त्याच्याबरोबर लढताना गेलेल्यांची. तो लढाईला गेला तेव्हा त्या दोन वेण्या घालत होत्या. तो परत आला नाही, आणि त्याचं काही सापडलंही नाही. "डोळे मिटायच्या आत त्याच्या नावाचा दगड त्या मैदानावर बघायचाय," एवढंच त्यांचं मागणं होतं. पण मैदान सरकारने राखलेलं, परवानगीशिवाय तिथे खडासुद्धा ठेवता येत नाही. मावशी कचेरीत खेटे घालायच्या आणि परतताना माझ्यावर टेकून पुटपुटायच्या, "आजही साहेब जागेवर नव्हते." मीही घायकुतीला आलो होतो. तिथे अजून तोफा वाजतात का? गवत उगवतं का?

एके दिवशी कचेरीतल्या नव्या अधिकारी बाई स्वतःच अंगणात आल्या. त्यांनी सगळी नावं वाचली आणि माझ्या पायापाशी थबकल्या.

"हा उभा करायला खड्डा खणावा लागेल ना?"

"चांगला कंबरभर," पाथरवट म्हणाला.

"मग नाही जमणार."

मावशी उसळल्या. "का हो? माझ्या भावाला वीतभर जागा मिळू नये?"

बाई त्यांच्याशेजारी बसल्या. "मावशी, जे सापडले नाहीत ते सगळे अजून तिथंच मातीत असतील. तुमचा दादासुद्धा. पहार कुठे मारायची, तुम्हीच सांगा."

मावशींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाल्या, "आडवा ठेवा त्याला. आमचा दादा तरी कुठे उभा आहे?"

खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. उभं राहायची स्वप्नं बघितली आणि नशिबी आलं लोळणं! वर पाथरवटाने माझा पायही कापून टाकला. परवानगी मात्र मिळाली.

मैदानावर गवत आहे, मित्रांनो, भरपूर आहे. तोफा नाहीत, टिटव्या ओरडतात. मला ठेवलं त्या दिवशी मावशी शेजारी बसल्या, नावावर तळवा टेकवला आणि मोठ्याने म्हणाल्या, "दादा, मी आलेय रे!" मग आम्ही दोघंही बराच वेळ कान देऊन बसलो.

आता मावशी येत नाहीत. त्यांच्या दादाला हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. म्हणून सांगतो, इथे याल तेव्हा काही उकरू नका, माझ्यावर आपली नावं खरडू नका. दमलात तर खुशाल टेका, मला भार होत नाही. फक्त उठण्याआधी माझ्यावरची नावं एकदा मोठ्याने वाचा. पहिल्या नावापाशी जरा थांबा. तिथे नुसतं 'दादा' म्हटलंत तरी चालेल.