वर्गमुळाखालचे उणे वीस

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. त्याआधी मी एका होडीचा तळ होतो. तोन्ले साप सरोवरावर आमचे तरंगते गाव आहे. होडी गळू लागली तेव्हा सुताराने तिच्या धड फळ्या जोडल्या, काळा रंग दिला आणि मला शाळेच्या तराफ्यावर टांगले. जन्मभर पाण्याकडे तोंड करून राहिलेला मी, आता मुलांकडे पाहू लागलो. दुपारी लाटांवरचा उजेड माझ्यावर हलायचा आणि खडूची अक्षरे सावकाश पोहत आहेत असे वाटायचे. मला वाटे, मी अजून होडीच आहे.

गणित निमोलबाई शिकवत. त्यांच्या वर्गात राचना नावाची मुलगी होती. वर्गसमीकरणांचे अवयव पाडण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. एकदा मात्र एक समीकरण अडून बसले. कुठलेच आकडे जुळेनात.

"बाई, हे उदाहरणच चुकलंय."

"उदाहरण बरोबर आहे. तुझा अंदाज थकलाय," असे म्हणून बाईंनी माझ्यावर सूत्र लिहिले. उणे ब, अधिक-उणे वर्गमूळ, वर्गमुळात ब वर्ग उणे चार अक, आणि सगळ्याला भागिले दोन अ.

"एवढं लांबलचक? तेवढ्यात मी घरी जेवून येईन."

"ये की. पण अंदाज कधी पोचतो, कधी नाही. हे उत्तर असलं तर देतंच. आणि वर्गमुळात ऋण संख्या आली, तर उत्तर नाही म्हणून तोंडावर सांगतं."

सरोवराचे पाणी चढू लागले, त्या दिवसांत राचनाचे बाबा सामून शाळेत आले. होडी तराफ्याला टेकवून ते दारातच उभे राहिले.

"बाई, उद्यापासून पोरगी येणार नाही. माझे हात आता चालत नाहीत, मदतीला तीच हवी."

मग हळूहळू सगळे कळले. वीस हात जाळ्याचे चौकोनी कुंपण घालून त्यांना मासे पाळायचे होते. आत तीस चौरस हात पाणी हवे, असे व्यापाऱ्याने सांगितले होते. सामून रोज बांबू उपटत आणि पुन्हा रोवत. कधी चौकोन लांब करत, कधी रुंद. तीस काही भरत नव्हते.

"माझ्या बापानं एका दमात बसवलं असतं. मीच म्हातारा झालो."

राचना उठून माझ्यापाशी आली. "एक बाजू क्ष. वीसचे अर्धे दहा, मग दुसरी दहा उणे क्ष. गुणाकार तीस." तिने समीकरण मांडले: क्ष² − १०क्ष + ३० = ०. सूत्रात आकडे घातले. वर्गमुळात शंभर उणे एकशेवीस आले, म्हणजे उणे वीस. खडू तिथेच थांबला.

"बाबा, हे होणारच नाही."

"माझ्याच्यानं?"

"कुणाच्याच्यानं नाही. आजोबांच्यानंही नाही. एवढ्या जाळ्यात तीस मावतच नाहीत."

सामून दारातून आत आले आणि मुलांच्या बाकावर बसले.

"मग मावतं किती?"

शंभरातून शंभरच वजा व्हावेत म्हणून तिने तीसच्या जागी पंचवीस लिहिले. वर्गमुळात शून्य आले, आणि दोन उत्तरांच्या जागी एकच उरले.

"पंचवीस. चारी बाजू पाच-पाच हात. याच्या वर नाही."

"मासे थोडे कमी सोडू," सामून म्हणाले. "पाच-पाच हात तर मी एकटाही बांधीन. तू शाळेत बस." होडी वल्हवत ते निघून गेले. त्यांचे कुंपण उभे राहिले, आणि राचना पुढे शहरात शिकायला गेली.

मित्रांनो, आता शाळेत पांढरा फळा आला आहे. मी मागच्या तराफ्यावर आडवा असतो. माझ्यावर मासळी वाळते. मला अधूनमधून उलटे करून ऊन दाखवत जा, म्हणजे बुरशी लागणार नाही. आणि तुमच्या घरी कोणी एकच काम पुन्हा पुन्हा करून स्वतःला बोल लावत असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. ते उदाहरण मुळात सुटणारे आहे का, ते आधी दोघांनी मिळून पाहा.