निळीचे ओले पाय

मी पाण्याखालचा पाट बोलतोय. न दिसणं हेच माझं काम. नागपूरच्या एका प्रयोगशाळेतल्या गोल टाकीत दुधाची पावडर कालवलेलं पाणी असतं आणि त्याखाली बोटभर खोल मी बसलेला असतो. कळमेश्वरच्या कारखान्यात घडलो तेव्हा वाटलं होतं, कुणाच्या तरी देवघरात जाईन. नशिबात उंदीर होते!

ते पोहतात, भिंतीवरच्या खुणा बघून माझी जागा शिकतात आणि हळूहळू सरळ येऊन माझ्यावर चढतात. निळीला ते जमेना. शेपटीवर निळी रेघ असलेली ती उंदरीण. जागा लक्षात ठेवणारा तिच्या मेंदूचा भाग माणसांनी मुद्दाम निकामी केलेला. बिचारी काठाकाठाने फिरत राहायची. मला हाक मारता आली असती तर!

हे संशोधन सोनिकाचं. निळीला टॉवेलात पुसताना तिचा जीव खालीवर व्हायचा. तिचे वडील गणपतराव गाडीवरून पडले, डोक्याला मार लागला, आणि हुडकेश्वरच्या त्यांच्या लेआउटमधल्या एकसारख्या घरांत त्यांना आपलं घर सापडेना. हरवायला लागले, तेव्हा फाटकाला कुलूप लागलं. फिरण्याचा नाद असलेला माणूस दिवसभर त्या कुलपाशी उभा राहायचा.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. झाडलोट करणाऱ्या तुळसाबाईंनी झेंडूचं तोरण टाकीवरच्या पाइपला बांधलं, नेमकं माझ्या डोक्यावर. दसऱ्यानंतर ते काढायचं राहिलं. निळी एक-दोन खेपा चुकली, मग तोरणाकडे सरळ पोहत आली. तिचे ओले पाय माझ्यावर टेकले. काय आनंद झाला म्हणून सांगू!

"अवं बाई, फुलं काहाडायची राह्यली! तुमच्या कामाची वाट लागली का?" तुळसाबाई घाबरल्या.

"लागली ना!" सोनिका चिडली. मग तिची नजर निळीकडे गेली. "मावशी, हिले जागा आठवत नाही. पण समोरची खूण तर बरोबर पकडून राहिली."

ते तोरण त्याच संध्याकाळी सोनिकाच्या घराच्या फाटकावर गेलं. काही दिवस ती वडिलांच्या मागे मागे चालली, नंतर कुलूपच काढलं. एके दिवशी टाकीशीच तिला गणपतरावांचा फोन आला.

"फिरून आलो वं. एकटाच. पिवळं तोरण दिसलं ना! काहून रडून राहिली तू?"

फुलं सुकली, आता तिथे प्लास्टिकची आहेत म्हणे. माझ्याही कडा झिजल्या, नवा पाट येईल. तक्रार नाही, इथे आलो हे माझं भाग्य. निळी मात्र आता नाही, आणि तोरणामुळे तिची ती खेप प्रयोगातून वगळली गेली. म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो: ती पोहोचली होती.