तीन बाजूंनी कवळी

संकलन म्हणजे नुसती बटणं दाबणं, असं म्हणणाऱ्याला धरून भाचीच्या खुर्चीत बसवावं आणि बाहेरून कडी लावावी. समोर तीन कॅमेऱ्यांचं चित्रण. फोटोवाल्याच्या कॅमेऱ्यात आत्या कावीळ झाल्यासारखी पिवळी. दादाच्या मोबाइलमध्ये गारठून निळी. आणि शाळेच्या क्लार्कच्या कॅमेऱ्यात सरळ हिरवी, शेवाळलेल्या टाकीसारखी.

आत्या पीटीची बाई. छत्तीस वर्षं शिट्टी फुंकून परवा निवृत्त झाली. तिच्या निरोपाच्या संचलनाचं चित्रण आज पाच वाजता अख्ख्या शाळेला दाखवायचं होतं, आणि तीन वाजले तरी ह्या तिघांचा मेळ बसत नव्हता. सुरुवातीला सगळ्या कॅमेऱ्यांसमोर एक टाळी वाजवायची, एक पांढरा कागद धरायचा. टाळीवर वेळ जुळते, कागदावर रंग. एवढंसं काम! फोटोवाल्याला वाटलं दादा करेल. दादाला वाटलं क्लार्क करेल. क्लार्क तेव्हा चहा ढोसत होता.

तिन्हीकडे स्पष्ट ऐकू येईल असा एकच आवाज होता आणि तिन्हीकडे दिसेल अशी एकच पांढरी वस्तू. दोन्ही एकाच क्षणी. आत्यानं शेवटची शिट्टी जीव तोडून फुंकली, आणि शिट्टीपाठोपाठ तिची वरची कवळी भुर्रकन उडून गवतात गेली.

आत्यानं नेमकं त्याबद्दलच बजावलं होतं, "तेवढं दिसलं, तर मी तुझी आत्या नाही."

भाचीनं तिन्ही चित्रं शेजारीशेजारी लावली, कवळी चांगली ताटाएवढी केली, आणि थाप ऐकून दार उघडलं. दारात आत्या.

"हे काय गं, कार्टे?"

"आत्या, ऐक! तिन्ही कवळ्या एकदम पडल्या की वेळ जुळली. दात पांढरे झाले की रंग जुळला. मग कापते. शप्पथ!"

आत्यानं ओरडायला तोंड उघडलं. पण पडद्यावर कवळ्या उडाल्या आणि छत्तीस वर्षांची सवय आडवी आली.

"डावीकडची उशिरा पडतेय!"

"ती दादाची आहे."

"तो लहानपणापासून तसलाच. ओढ त्याला पुढे. अजून! मधली, घाई करू नकोस! एक, दोन..."

टप्! तिन्ही एकदम. आत्यानं टाळी पिटली. मग दात पांढरे झाले, आणि त्यांच्यामागोमाग गवत हिरवं, आभाळ निळं, आत्या माणसाच्या रंगाची. दोघी खुर्चीभोवती नाचल्या.

"बास. आता काप."

भाचीनं कापलं. चित्रण पुढे सरकलं. काही कारण दिसत नसताना मैदान टाळ्यांनी दणाणलं. चारशे पोरं गवतात पालथी, मधोमध मुख्याध्यापक रांगतायत.

"ही काय शोधतायत?"

"तुझी कवळी."

"मग ती कुठाय?"

"कापली ना! तूच म्हणालीस."

आत्यानं पुन्हा बघितलं. "मुख्याध्यापक ठार वेडा दिसतोय."

"दिसतोयच."

आत्याच्या नाकातून आधी फुस्स झालं, मग ती पोट धरून खाली बसली. "घाल परत! गरीब माणूस, माझ्यासाठी रांगला बिचारा."

"कुठल्या बाजूनं घालू?"

"एवढ्या रांगेत आणल्यात त्या! तिन्ही."

पाच वाजता सभागृह खचाखच भरलं. सुरू करायची खूण आत्याच देणार होती. तिनं गळ्यातली शिट्टी ओठांशी नेली, थबकली, अंगठ्यानं कवळी घट्ट वर दाबली, आणि फुंकली.