उलट्या सायकलवरचा डायनॅमो

मित्रांनो, मी एक जुना डायनॅमो आहे. डायनॅमो म्हणजे काय, हे हल्लीच्या मुलांना ठाऊक नसतं, म्हणून आधी तेच सांगतो. पूर्वी सायकलच्या चाकाला लागून मुठीएवढं एक यंत्र बसवायचे. त्याचं डोकं टायरला घासायचं, चाकाबरोबर गरगर फिरायचं, पोटात वीज तयार व्हायची आणि पुढचा दिवा लागायचा. तो मीच. ना सेल, ना चार्जर. आहे की नाही झकास?

माझे मालक गुणाजी परब. गिरणी बंद पडल्यावर ते मुलुंडच्या एका नट-बोल्टच्या कारखान्यात लागले. संध्याकाळी कामावरून सुटले की भांडुपच्या चढावर दमदार पायडल मारायचे. चाळीतले लोक म्हणायचे, "गुणाजी, तुझा दिवा लांबूनच ओळखू येतो रे!" दिव्याचं कौतुक झालं की माझी छाती फुगायची. दिवा काय नुसता मिरवतो, राबतो मी!

पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले. सायकल विकली गेली. मला मात्र त्यांनी दिव्यासकट काढून पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलं. मग तेही गेले आणि डबा माळ्यावर गेला. तिथे मी वर्षानुवर्षं गंजत पडलो. राग यायचा, रडू यायचं, पण सांगणार कोणाला?

मला बाहेर काढलं ते त्यांच्या नातीने, अक्षताने. ती चौथीत. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. तिचे पप्पा राजेश म्हणाले, "दुकानात तयार ज्वालामुखी मिळतो. सोडा टाकला की फेस. आणून देतो, विषय संपला."

"पप्पा, तो तर दुकानदाराचा प्रकल्प झाला ना! माझा मीच करणार."

"कर बाई. पण ऐनवेळी बंद पडला, तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

झालं! पोरीची सगळी लाज आता माझ्या हातात. म्हणजे डोक्यात.

तिच्या वर्गातल्या केतनने आपली छोटी सायकल आणली. शीतल टीचरांनी ती उलटी उभी करायला लावली, म्हणजे हाताने पायडल फिरवता येईल. माझी एक वायर तुटली होती. टीचरांनी ती जोडून दिली नाही. कशी जोडायची ते दाखवलं आणि हात मागे घेतले. दोघांनी मला आधी वाकडं बसवलं, मग फार घट्ट बसवलं. आणि मग एकदाचा दिवा लागला.

"पेटला! पेटला रे!" केतन तिथल्या तिथे नाचू लागला. मित्रांनो, इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्यासाठी नाचलं. मला भरून आलं.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री सायकल अक्षताच्या घरी होती. गुणाजींची बायको, मालनआजी, दर खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा करते. यंत्र इतक्या वर्षांनी कामगिरीवर निघालेलं, त्याला ती तसंच कसं जाऊ देईल? प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी सगळे आवरत असताना तिने मला हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. इथपर्यंत ठीक होतं. मग तिने खोबरेल तेलाची बाटली उघडली आणि टायरला, माझ्या डोक्याला छान चोळून तेल लावलं. अगं आजी, तिथे नको गं! मी कितीही ओरडलो तरी ऐकू कोणाला जाणार?

शाळेत परीक्षक टेबलाशी आले. केतनने पायडल फिरवलं. चाक सुसाट आणि मी जागच्या जागी ढिम्म! दिवा काही लागेना.

"वाट लागली," केतन पुटपुटला.

मागे पप्पा उभे होते, आजी उभी होती. अक्षताचे डोळे डबडबले. पण ती खाली वाकली. तिने माझ्या डोक्यावरून बोट फिरवलं, त्याचा वास घेतला आणि वळून आजीकडे पाहिलं.

आजीचा चेहरा पडला. "गे बाय, मीच तेल लावलंय. चाक कुरकुरत होता, म्हणान."

आता पोर आजीवर उसळणार, असं मला वाटलं. तिने डोळे पुसले आणि परीक्षकांना म्हणाली, "सर, चाक फिरतंय, पण डायनॅमो फिरत नाहीये. तेलामुळे घसरतंय. घर्षणच नाही ना!" तिने रुमालाने टायर आणि माझं डोकं खसाखसा पुसलं, फळ्याखालची खडूची भुकटी चोळली. "आजी, आता तू फिरव."

"माका नाय जमूचा."

"जमेल गं."

आजीने पायडल धरलं. मी असा फिरलो, असा फिरलो, की काय सांगू! दिवा लख्ख लागला.

मग अक्षताने आजीला टेबलाशीच बसवलं. पप्पा मुकाट्याने घरी जाऊन तेलाची बाटली घेऊन आले. जो येईल त्याला आधी आजी तेल लावून दिवा बंद पाडून दाखवायची आणि मग अक्षता पुसून तो लावून दाखवायची. पोरांनी रांग लावली. पहिला नंबर दुसऱ्याच वर्गाला गेला, जाऊ दे. अक्षताने प्रकल्पाच्या तक्त्यावर आपल्या आणि केतनच्या नावाखाली स्केचपेनने तिसरं नाव लिहिलं, मालन गुणाजी परब. आजी बराच वेळ त्या नावावर बोट ठेवून उभी होती.

मित्रांनो, मी या घराचा फार ऋणी आहे. माझी एकच विनंती. घरातली जुनी वस्तू भंगारात देण्याआधी एकदा फिरवून बघा, पुसून बघा. आणि तुमचा प्रकल्प फसला, तर चिडण्याआधी तो का फसला ते शोधा. ज्याच्या हातून चूक झाली, त्याला टेबलापासून लांब करू नका. आपल्या शेजारी बसवून घ्या.